बी पेशी, विषाणुजन्य सुपरअँटिजेन आणि टी पेशींची सहिष्णुता : एका प्रमाणभूत पुराव्याची चिकित्सा

प्रस्तावना

शरीराला 'स्व' आणि 'पर' यांतील भेद कसा कळतो, हा रोगप्रतिकारशास्त्रातील मूलभूत प्रश्न होय. टी पेशींच्या पृष्ठभागावरील ग्राही जनुकांच्या तुकड्यांच्या यादृच्छिक जुळणीतून घडतात. या जुळणीवर पूर्वनियोजनाचा अंकुश नसल्यामुळे स्वतःच्याच ऊतींवर उलटू शकतील अशा टी पेशीही अपरिहार्यपणे निर्माण होतात. तरीही बहुसंख्य प्राणी निरोगी राहतात. या वस्तुस्थितीस 'सहिष्णुता' अशी संज्ञा आहे. अशा घातक पेशी वाढीच्या आरंभीच नष्ट होत असाव्यात, हा फ्रँक मॅकफार्लेन बर्नेट यांचा विचार आणि १९५३ मध्ये बिलिंगहॅम, ब्रेंट व मेडावर यांनी उंदरांच्या गर्भांवर केलेले प्रयोग यांनी या विषयाचा पाया घातला. त्याबद्दल बर्नेट व मेडावर यांना १९६० चे नोबेल पारितोषिक मिळाले. परंतु पेशी खरोखरच नष्ट होतात की केवळ निष्क्रिय होतात, हे प्रत्यक्ष दाखविणारा पुरावा मिळण्यास १९८७ साल उजाडावे लागले.

हा पुरावा आज पाठ्यपुस्तकांत निर्विवाद सत्य म्हणून मांडला जातो. त्याच्या मुळाशी मात्र एक विलक्षण गोष्ट दडलेली आहे. ज्या 'स्व'त्वाच्या खुणेमुळे टी पेशी नष्ट होताना दिसल्या, ती खूण उंदराची स्वतःची नव्हतीच. ती उंदराच्या गुणसूत्रांत वस्तीला आलेल्या एका विषाणूची होती. आणि ही खूण टी पेशींपुढे ठेवणाऱ्या पेशींमध्ये अग्रस्थान होते ते बी पेशींचे, ज्यांची ओळख एरवी केवळ प्रतिपिंडे निर्माण करणाऱ्या पेशी अशी करून दिली जाते. प्रस्तुत लेखात या पुराव्याची घडण, त्यात बी पेशींना दिले गेलेले स्थान आणि त्यावरून काढलेल्या निष्कर्षांची व्याप्ती यांची चिकित्सा करण्याचा प्रयत्न केला आहे.

'एमएलएस'चे कोडे

दोन भिन्न वंशांच्या उंदरांतील लसिका पेशी परीक्षानळीत एकत्र ठेवल्या असता त्या परस्परांना उद्दीपित करतात. हे उद्दीपन प्रामुख्याने एमएचसी या जनुकसमूहातील भेदामुळे होते, असे मानले जात होते. १९७३ मध्ये हिलियार्ड फेस्टेनस्टाइन यांनी असे दाखविले की, एमएचसी तंतोतंत समान असलेल्या काही वंशांमध्येही तितकेच प्रबळ उद्दीपन आढळते. यास कारणीभूत असलेल्या जनुकस्थानास पुढे 'मायनर लिंफोसाइट स्टिम्युलेटिंग', संक्षेपाने 'एमएलएस', असे नाव मिळाले. नावातील 'मायनर' हे विशेषण दिशाभूल करणारे होते. सामान्य प्रतिजनास प्रतिसाद देणाऱ्या टी पेशींचे प्रमाण लाखात एक किंवा त्याहूनही कमी असते. 'एमएलएस'ला प्रतिसाद देणाऱ्या पेशींचे प्रमाण मात्र शेकड्यात मोजावे लागे. ज्यास गौण म्हटले गेले त्याचा परिणाम प्रमुखाच्या तोडीचा होता.

याहून आश्चर्याची बाब अशी की, इतका प्रबळ प्रतिसाद घडविणाऱ्या या घटकाविरुद्ध प्रतिपिंडे मिळविण्याचे प्रयत्न दीर्घकाळ निष्फळ ठरले. टी पेशींना जो स्पष्ट दिसतो तो संशोधकांच्या हाती लागेना. परिणामी 'एमएलएस' हे जवळजवळ दोन दशके केवळ परिणामावरून अनुमानिलेले तत्त्व राहिले. अशा तत्त्वाभोवती तर्कांची दाटी होते, तशी ती येथेही झाली.

या तर्कांमध्ये एक निरीक्षण मात्र स्थिर होते. १९८९ मध्ये सुसान वेब, जोनाथन स्प्रेंट व त्यांचे सहकारी यांनी असे नमूद केले की, 'एमएलएस-१ए'ला प्रतिसाद देणाऱ्या टी पेशींना बी पेशी उद्दीपित करतात. डेंड्रायटिक पेशी आणि मॅक्रोफेज या पेशी मात्र तसे करीत नाहीत. प्रतिजन सादर करण्याच्या कामात डेंड्रायटिक पेशी सर्वांत समर्थ मानल्या जात असताना हे निरीक्षण रूढ समजुतीच्या विरुद्ध जाणारे होते. बी पेशींमध्ये असे काहीतरी होते जे इतरत्र नव्हते, किंवा अत्यल्प होते.

१९८७-८८ चा पुरावा आणि त्याचा अन्वयार्थ

डेन्व्हर येथील जॉन कॅप्लर व फिलिपा मॅरॅक यांच्या गटाकडे टी पेशीच्या ग्राहीतील 'वी-बीटा १७ए' या भागास ओळखणारे प्रतिपिंड उपलब्ध झाले. त्यामुळे विशिष्ट प्रकारच्या टी पेशी प्रथमच प्रत्यक्ष मोजता येऊ लागल्या. १९८७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या शोधनिबंधाचा गाभा असा होता : ज्या उंदरांत 'आय-ई' हा एमएचसी रेणू व्यक्त होतो, त्यांच्या यौवनलोपी ग्रंथीत, अर्थात थायमसमध्ये, 'वी-बीटा १७ए' धारण करणाऱ्या अपक्व पेशी सापडतात, परंतु पक्व पेशींमध्ये आणि रक्त व प्लीहेतील टी पेशींमध्ये त्यांचा मागमूस नसतो. पेशी निर्माण होतात आणि पक्व होण्यापूर्वी नाहीशा होतात. बर्नेट यांच्या तर्कास यापेक्षा प्रत्यक्ष आधार मिळाला नव्हता.

१९८८ मध्ये याच गटाने 'वी-बीटा ८.१' आणि 'एमएलएस-१ए' यांच्याबाबत, तर रॉबसन मॅकडोनाल्ड व त्यांच्या सहकाऱ्यांनी 'वी-बीटा ६'बाबत असाच वंशलोप दाखविला. सहिष्णुतेचा हा नियम आता एकाहून अधिक उदाहरणांवर उभा राहिला.

येथे निरीक्षण आणि अन्वयार्थ यांत भेद करणे अगत्याचे आहे. निरीक्षण वादातीत होते : पेशी नाहीशा होत होत्या. त्या कशामुळे नाहीशा होत होत्या, याविषयीचे स्पष्टीकरण मात्र त्या काळात अंदाजाचेच होते. 'वी-बीटा १७ए' धारण करणाऱ्या पेशी बी पेशींवरील 'आय-ई'ला प्रतिसाद देतात, पण तोच रेणू अन्य प्रकारच्या पेशींवर असता देत नाहीत, असे आढळले होते. त्यावरून बी पेशींत निर्माण होणारा एखादा स्वकीय प्रथिनाचा तुकडा 'आय-ई'च्या खाचेत बसून सादर होत असावा, असा तर्क पुढे आला. हा तर्क सुसंगत होता, मोहक होता, आणि चुकीचा होता. त्यातील 'बी पेशी' हा भाग टिकला. 'स्वकीय' हा भाग टिकला नाही.

१९८९ मध्ये स्टॅफिलोकॉकस जीवाणूच्या आंत्रविषाविषयीच्या कार्यात 'सुपरअँटिजेन' ही संज्ञा रूढ झाली. सामान्य प्रतिजनाचा तुकडा एमएचसीच्या खाचेत बसतो आणि ग्राहीच्या सर्वांत बदलत्या भागाशी जुळतो. सुपरअँटिजेन मात्र खाचेबाहेरून एमएचसीला चिकटतो आणि ग्राहीच्या वी-बीटा या भागाच्या कडेला धरतो. ग्राहीचा उर्वरित भाग कसाही असो, वी-बीटा जुळला की पेशी उद्दीपित होते. 'एमएलएस'चे वर्तन नेमके असेच होते. साधर्म्य स्पष्ट झाले. परंतु उंदराच्या शरीरात जीवाणूच्या विषासारखे वागणारे हे द्रव्य कोठून आले, हा प्रश्न शिल्लक होता.

दुधातून आलेले उत्तर

या प्रश्नाचे उत्तर एका जुन्या संशोधनशाखेतून आले. अमेरिकेतील जॅक्सन प्रयोगशाळेत जॉन बिटनर यांनी १९३६ मध्ये असे दाखविले होते की, काही वंशांतील उंदीर-माद्यांना होणारा स्तनाचा कर्करोग दुधावाटे पिलांकडे जातो. पिलू दुसऱ्या वंशाच्या मादीच्या दुधावर वाढविल्यास रोगाचे प्रमाण घटते. हा 'दुग्ध घटक' म्हणजे पुढे ओळखला गेलेला उंदीर-स्तनार्बुद विषाणू, अर्थात 'एमएमटीव्ही' हा रेट्रोव्हायरस. तो दोन मार्गांनी संक्रमित होतो. एक मार्ग दुधाचा. दुसरा मार्ग आनुवंशिक, कारण त्याच्या जनुकसंचाच्या प्रती बहुतेक प्रयोगशाळेय उंदरांच्या गुणसूत्रांत कायमच्या रुजलेल्या आहेत.

१९९१ मध्ये हे दोन प्रवाह एकत्र आले. मॅरॅक, कुशनीर व कॅप्लर यांनी मातेकडून दुधावाटे येणारा एक सुपरअँटिजेन 'वी-बीटा १४' धारण करणाऱ्या टी पेशींचा लोप घडवितो, असे दाखविले. त्याच वर्षी अन्य गटांनी 'एमएलएस' जनुकस्थाने आणि गुणसूत्रांत रुजलेले 'एमएमटीव्ही' यांची जागा एकच असल्याचे सिद्ध केले. 'एमएलएस-१ए' म्हणजे पहिल्या गुणसूत्रावरील 'एमटीव्ही-७' होय, हे स्पष्ट झाले. विषाणूच्या जनुकसंचाच्या टोकाशी असलेल्या, तोपर्यंत निरुपयोगी भासणाऱ्या एका वाचनचौकटीत सुपरअँटिजेनची संहिता असल्याचे चोई, कॅप्लर व मॅरॅक यांनी दाखविले, तर आका-ओर्बेया व सहकाऱ्यांनी ते जनुक उंदरांत घालून 'वी-बीटा १४' पेशींचा लोप घडवून आणला. १९९२ मध्ये या प्रथिनास ओळखणारे प्रतिपिंडही हाती आले. १९७३ साली पडलेले कोडे अठरा वर्षांनी सुटले.

कोडे सुटले, परंतु त्याबरोबर १९८७ च्या पुराव्याचा अर्थही बदलला. 'स्वकीय प्रतिजनामुळे टी पेशींचा लोप' असे जे वाचले गेले, ते वास्तविक 'गुणसूत्रांत रुजलेल्या विषाणूच्या प्रथिनामुळे टी पेशींचा लोप' असे होते. पिढ्यान्‌पिढ्या वारशाने येणारे विषाणुजनुक 'स्व' मानावे की 'पर', हा प्रश्न केवळ शब्दांचा नाही. टी पेशीच्या दृष्टीने, थायमसमध्ये वाढीच्या काळात जे समोर येते ते सर्व सारखेच. म्हणजे 'स्व' ही उत्पत्तीने ठरणारी गोष्ट नसून काळ आणि स्थळ यांनी ठरणारी गोष्ट आहे. १९५३ च्या प्रयोगांतून सूचित झालेले हे तत्त्व येथे निसर्गाने स्वतःच सिद्ध करून दाखविले, असे म्हणता येईल.

बी पेशी : आवश्यक की समर्थ?

बी पेशींच्या भूमिकेविषयी तीन वेगवेगळे प्रश्न एकत्र मिसळले गेल्याने पुष्कळ गोंधळ झाला आहे. सुपरअँटिजेन कोणती पेशी निर्माण करते, कोणती पेशी तो सादर करते, आणि कोणत्या पेशीवाचून सहिष्णुता निर्माणच होत नाही, हे ते तीन प्रश्न होत. पहिल्याचे उत्तर दुसऱ्यास आणि दुसऱ्याचे तिसऱ्यास लागू करण्याची प्रवृत्ती या विषयावरील लेखनात वारंवार दिसते.

निर्माण आणि सादरीकरण या क्रिया एकाच पेशीत घडल्या पाहिजेत असे नाही, याचा ठळक पुरावा वेब व स्प्रेंट यांच्या १९९० च्या प्रयोगांत मिळतो. नवजात उंदरांना 'एमएलएस-१ए' बाळगणाऱ्या सीडी-८ प्रकारच्या टी पेशी दिल्या असता त्या प्रतिजनाविषयी उत्तम सहिष्णुता निर्माण झाली. उंदराच्या टी पेशींवर दुसऱ्या वर्गाचे एमएचसी रेणू नसतात आणि या सुपरअँटिजेनला त्यांचीच गरज असते. तेव्हा सुपरअँटिजेन एका पेशीतून निघून दुसऱ्या पेशीच्या एमएचसीवर जाऊन बसतो, असेच मानावे लागते. अन्य प्रयोगांनीही अशा हस्तांतरास दुजोरा दिला. परीक्षानळीत डेंड्रायटिक पेशी उद्दीपन करू शकत नाहीत, एवढ्यावरून शरीरात त्या सादरीकरण करीत नाहीत असा निष्कर्ष काढणे त्यामुळे धोक्याचे ठरते.

तिसऱ्या प्रश्नाचे निर्णायक उत्तर १९९४ मध्ये मिळाले. ब्रिगिट ह्यूबर आणि क्लाउस रायेव्स्की यांच्या सहकार्यातून बी पेशीच निर्माण होत नाहीत अशा उंदरांवर प्रयोग करण्यात आले. त्यांत दोन गोष्टी आढळल्या. बी पेशींवाचून 'एमएमटीव्ही'चा बाह्य संसर्ग पुढे सरकत नाही. परंतु गुणसूत्रांत रुजलेल्या विषाणूंच्या सुपरअँटिजेनमुळे होणारा टी पेशींचा लोप बी पेशींवाचूनही होतो. अर्थात, विषाणूच्या प्रसारासाठी बी पेशी आवश्यक आहेत. थायमसमधील सहिष्णुतेसाठी त्या आवश्यक नाहीत.

या निष्कर्षाचेही दोन टोकांचे वाचन संभवते. एका वाचनानुसार बी पेशींचा सहिष्णुतेशी संबंधच नाही. हे वाचन तर्कदुष्ट आहे. एखादा घटक काढून टाकल्यावर कार्य चालू राहिले, तर त्यावरून तो घटक अपरिहार्य नाही एवढेच सिद्ध होते. तो एरवी ते कार्य करीत नाही, असे सिद्ध होत नाही. अनेक दारे असलेल्या वाड्याचे एक दार बंद केले तरी लोक आत येतात. म्हणून त्या दाराने कोणी येत नव्हते असे म्हणता येत नाही. थायमसमध्ये अल्प संख्येने का होईना बी पेशी असतात. २०१० नंतर, विशेषतः २०१३ व २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनांतून या बी पेशी स्वकीय प्रतिजन सादर करून टी पेशींच्या निवडीत भाग घेतात, असे दाखविण्यात आले. ऊतीविशिष्ट प्रथिने थायमसमध्ये व्यक्त करविणारे 'एअर' हे जनुक त्यांच्यातही कार्यरत असते, हे या संदर्भात महत्त्वाचे आहे. १९८० च्या दशकात 'एमएलएस'च्या निमित्ताने जे सुचले होते, ते वेगळ्या मार्गाने पुन्हा विचारात आले.

पक्व टी पेशींच्या बाबतीत बी पेशींचा प्रभाव अधिक गुंतागुंतीचा आहे. 'एमएलएस-१ए' बाळगणाऱ्या पेशी प्रौढ उंदरास दिल्या असता 'वी-बीटा ६' पेशी सरसकट गप्प बसत नाहीत. त्या प्रथम वेगाने वाढतात, नंतर त्यांची संख्या घटते आणि उरलेल्या पेशी प्रतिसादशून्य होतात. १९८९ मध्ये रामेनसे व सहकाऱ्यांनी अशी निष्क्रियता, तर १९९० मध्ये वेब, मॉरिस व स्प्रेंट यांनी असा लोप नोंदविला. प्रतिकार आणि सहिष्णुता या परस्परविरोधी अवस्था नसून एकाच प्रक्रियेचे पूर्वार्ध आणि उत्तरार्ध असू शकतात, हा या प्रयोगांतून निघणारा अर्थ आजही पुरेसा आत्मसात झालेला नाही.

सहिष्णुता कोणाच्या हिताची?

सहिष्णुता ही शरीराच्या हिताची व्यवस्था होय, असे गृहीत धरूनच या विषयाचे विवेचन केले जाते. 'एमएमटीव्ही'चे जीवनचक्र पाहता हे गृहीत तपासून घ्यावे लागते.

दुधातील विषाणू पिलाच्या आतड्यातील पेयरच्या पुंजक्यांत शिरतो आणि तेथील पेशींना, प्रामुख्याने बी पेशींना, बाधित करतो. बाधित बी पेशी विषाणूचा सुपरअँटिजेन आपल्या एमएचसीवर मांडते. त्यामुळे अनुरूप वी-बीटा असलेल्या असंख्य सीडी-४ टी पेशी एकाच वेळी उद्दीपित होतात आणि त्या बी पेशीला वाढीसाठी साहाय्य करतात. एरवी हे साहाय्य एखाद्या प्रतिजनाविरुद्ध प्रतिपिंडे घडविण्यासाठी असते; येथे ते विषाणूच्या वाढीस कामी येते, कारण बाधित बी पेशी विभागली की तिच्या जनुकसंचात रुजलेला विषाणूही विभागला जातो. १९९३ मध्ये हेल्ड व सहकाऱ्यांनी सुपरअँटिजेनमुळे होणारे हे उद्दीपन संसर्ग वाढविते आणि संक्रमण शक्य करते, असे दाखविले. विषाणू शेवटी स्तनग्रंथीपर्यंत पोहोचतो आणि पुढच्या पिढीच्या दुधात उतरतो. ज्या प्रतिसादाला शरीराचे संरक्षण म्हटले जाते तोच येथे विषाणूचे वाहन ठरतो.

याची दुसरी बाजू तितकीच अर्थपूर्ण आहे. १९९२ मध्ये गोलोव्किना, रॉस व सहकाऱ्यांनी असे दाखविले की, ज्या उंदरांत सुपरअँटिजेनचे जनुक आधीपासून व्यक्त होते, आणि म्हणून अनुरूप टी पेशी थायमसमध्येच नष्ट झालेल्या असतात, त्या उंदरांना तोच सुपरअँटिजेन बाळगणाऱ्या बाह्य विषाणूचा संसर्ग जडत नाही. टी पेशीच नाहीत, म्हणून बी पेशींना साहाय्य नाही. साहाय्य नाही, म्हणून विषाणूला वाट नाही. गुणसूत्रांत रुजलेला जुना विषाणू नव्या विषाणूस दार बंद करतो. येथे संरक्षण प्रतिकारातून आलेले नाही, प्रतिकाराच्या अभावातून आलेले आहे. त्याची किंमत म्हणजे टी पेशींच्या भांडारातील एक संपूर्ण कुळ गमावणे.

विषाणूला हवी असलेली सहिष्णुता याहून वेगळ्या प्रकारचीही असते. २००३ मध्ये गोलोव्किना यांच्या गटाने दाखविले की, 'एमएमटीव्ही' 'टीएलआर-४' या जन्मजात प्रतिकाराच्या ग्राहीमार्फत 'इंटरल्युकिन-१०'ची निर्मिती घडवून आणतो आणि स्वतःविरुद्धचा प्रतिकार मंदावतो. २०११ मध्ये असेही स्पष्ट झाले की, यासाठी आतड्यातील सहजीवी जीवाणूंची उपस्थिती लागते. जंतुविरहित उंदीर आपल्या पिलांकडे विषाणू संक्रमित करू शकत नाहीत. म्हणजे एकाच विषाणूच्या संदर्भात 'सहिष्णुता' हा शब्द किमान दोन भिन्न अर्थांनी वापरावा लागतो : विशिष्ट टी पेशींचा लोप, आणि विषाणूविषयीची सर्वसाधारण प्रतिसादशून्यता. पहिली यजमानास उपकारक ठरू शकते, दुसरी विषाणूस. दोहोंना एकच नाव दिल्याने हा विरोध झाकला जातो.

पुराव्याच्या मर्यादा

आता मूळ प्रश्नाकडे वळता येईल. सुपरअँटिजेनच्या आधारे सिद्ध झालेला वंशलोप हा सामान्य स्वकीय प्रतिजनांबाबतच्या सहिष्णुतेचा नमुना मानता येईल काय?

या नमुन्याचे सामर्थ्य आणि त्याची मर्यादा एकाच गुणधर्मातून येतात. सुपरअँटिजेन टी पेशींच्या मोठ्या कुळास एकदम स्पर्श करतो, म्हणूनच त्या पेशींचा लोप नुसत्या मोजणीने लक्षात येतो. सामान्य स्वकीय तुकड्यास ओळखणाऱ्या टी पेशी इतक्या विरळ असतात की, त्या काळच्या साधनांनी त्यांचे असणे वा नसणे कळणेच शक्य नव्हते. जे मोजता आले ते सिद्ध झाले, आणि जे सिद्ध झाले ते सर्वत्र लागू मानले गेले. विज्ञानाच्या इतिहासात ही वाट नवी नाही, पण तिच्यावरून चालताना सावधगिरी हवी.

या सावधगिरीचे समर्थन पुढील संशोधनाने केले आहे. १९८८ मध्ये किसिएलोव्ह, फॉन बोमर व सहकाऱ्यांनी नर उंदरांतील 'एच-वाय' प्रतिजनाबाबत विषाणूचा संबंध नसलेला वंशलोप दाखविला, हे खरे. तो पुरावा स्वतंत्र असल्यामुळे मूळ सिद्धान्तास बळकटी मिळाली. तथापि त्यातही सर्व टी पेशींवर एकच ग्राही बसविलेले उंदीर वापरले होते, म्हणजे परिस्थिती पुन्हा असामान्यच होती. विरळ टी पेशी मोजण्याचे तंत्र हाती आल्यावर, २०१५ च्या सुमारास, सामान्य स्वकीय प्रतिजनांबाबतचे चित्र अधिक संमिश्र असल्याचे दिसून आले : अशा पेशींची छाटणी होते, पण समूळ उच्चाटन बहुधा होत नाही. उरलेल्या पेशींना आवर घालण्याचे काम नियामक टी पेशी आणि इतर यंत्रणा करतात. सुपरअँटिजेनने दाखविलेला जवळजवळ संपूर्ण लोप हा नियमाचा सर्वांत ठळक आविष्कार आहे, त्याचे सरासरी रूप नव्हे.

येथे भाषेचाही दोष आहे. थायमसला 'शाळा', निवडीला 'शिक्षण' आणि लोपाला 'अनुत्तीर्ण होणे' म्हणण्याची रीत इंग्रजी पाठ्यपुस्तकांतून मराठी विज्ञानलेखनातही आली आहे. या रूपकात पेशी उत्तीर्ण होते किंवा होत नाही. मधली अवस्था नाही. शिवाय परीक्षक निःपक्षपाती असतो, हेही त्यात गृहीत आहे. 'एमएमटीव्ही'च्या प्रकरणात तर परीक्षेची प्रश्नपत्रिकाच एका बाहेरच्या विषाणूने लिहिलेली होती. रूपक सोयीचे असले तरी ते विचारास आडकाठी करू लागले की बदलणे इष्ट.

मानवी संदर्भ आणि मुंबईतील एक अध्याय

उंदरावरून माणसाकडे येताना या विषयात घाईचे मोल अनेकदा चुकवावे लागले आहे. १९७१ मध्ये अमेरिकेतील डॅन मूर आणि मुंबईतील संशोधक यांनी संयुक्तपणे असे प्रसिद्ध केले की, स्तनाच्या कर्करोगाचे प्रमाण अधिक असलेल्या पारशी समाजातील स्त्रियांच्या दुधाच्या काही नमुन्यांत 'एमएमटीव्ही'शी सादृश्य असणारे कण इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली दिसतात. मुंबईत या विषयाची परंपरा आधीपासून होती, डॉ. कमल रणदिवे यांनी भारतीय कर्करोग संशोधन केंद्रात उंदरांतील स्तनाच्या कर्करोगाचा दीर्घकाळ अभ्यास केला, आणि स्तनार्बुदाचे प्रमाण अधिक असलेला 'आयसीआरसी' हा उंदरांचा वंश मुंबईचीच देणगी आहे. तथापि आकाराच्या साम्यावरून कार्यकारणभाव सिद्ध होत नाही. मानवी स्तनाच्या कर्करोगास असा विषाणू कारणीभूत आहे, हे आजवर सर्वमान्य झालेले नाही.

१९९७ मध्ये पहिल्या प्रकारच्या मधुमेहाशी मानवी अंतर्जात रेट्रोव्हायरसच्या सुपरअँटिजेनचा संबंध जोडणारा दावा पुढे आला. पुढील काळात अनेक प्रयोगशाळांना त्याची पुष्टी करता आली नाही. २००१ मध्ये ह्यूबर यांच्या गटाने दाखविलेला दुवा अधिक बोलका आहे : बी पेशींना बाधित करणारा एपस्टाइन-बार विषाणू, मानवी गुणसूत्रांत रुजलेल्या 'एचईआरव्ही-के१८' या जुन्या विषाणूच्या सुपरअँटिजेनला जागृत करतो. येथेही रंगमंच बी पेशीचाच आहे. मात्र उंदरात सिद्ध झालेली संपूर्ण साखळी, म्हणजे बी पेशी, सुपरअँटिजेन, टी पेशींचा लोप आणि त्याचा संसर्गावरील परिणाम, माणसात अद्याप कोणत्याही एका विषाणूबाबत त्याच पूर्णतेने सिद्ध झालेली नाही.

असे असले तरी या संशोधनाने दिलेली एक दृष्टी वैद्यकास उपयोगी ठरली आहे. बी पेशी म्हणजे केवळ प्रतिपिंडांचा कारखाना, ही समजूत तिने सैल केली. संधिवाताभ आणि बहुविध काठिण्य या विकारांत बी पेशी कमी करणारी औषधे उपयुक्त ठरतात, आणि हा लाभ प्रतिपिंडांच्या पातळीतील घटीने पूर्णपणे स्पष्ट होत नाही. टी पेशींपुढे प्रतिजन मांडण्याचे बी पेशींचे कार्य खंडित होणे, हे त्याचे एक संभाव्य कारण मानले जाते.

समारोप

उपरोक्त विवेचनावरून पुढील गोष्टी स्पष्ट होतात. पहिली, टी पेशींच्या वंशलोपाचा प्रमाणभूत पुरावा खरा आहे, परंतु तो 'स्व'विषयीचा म्हणून वाचला गेला तेव्हा त्याचा अर्थ अपुरा समजला होता; विषाणूचा शोध लागल्यावर तो पुरावा दुबळा झाला नाही, उलट 'स्व'ची व्याख्याच अधिक नेमकी झाली. दुसरी, बी पेशी या विषाणुजन्य सुपरअँटिजेनच्या समर्थ सादरकर्त्या आहेत आणि विषाणूच्या प्रसारास अपरिहार्य आहेत. थायमसमधील सहिष्णुतेत त्या सहभागी आहेत, पण एकमेव कर्त्या नाहीत. तिसरी, सहिष्णुता सदैव यजमानाच्याच हिताची असते हे गृहीत टिकत नाही. एकच टी पेशी-कुळ असल्याने संसर्ग वाढतो आणि नसल्याने टळतो, हे ज्या उदाहरणात दिसते, ते लाभ-हानीच्या सरधोपट हिशेबात बसत नाही.

महाविद्यालयीन स्तरावर हा विषय शिकविला जाताना १९८७ चा प्रयोग आणि १९९१ चा उलगडा यांत बहुधा फारकत केली जाते. पहिला सहिष्णुतेच्या प्रकरणात येतो, दुसरा विषाणूंच्या. विद्यार्थ्याच्या हाती दोन सुटी सत्ये पडतात आणि त्यांना जोडणारी विचारप्रक्रिया निसटते. अचूक निरीक्षण, अंशतः चुकलेले स्पष्टीकरण, दुसऱ्या ज्ञानशाखेतून आलेली दुरुस्ती आणि तिने मूळ प्रश्नाला दिलेली नवी खोली, हा क्रम सलग शिकविला गेला, तर विज्ञान हे निष्कर्षांचे भांडार नसून त्यांच्या सततच्या पुनर्परीक्षणाची रीत आहे, हे वेगळे सांगावे लागणार नाही.